किरणोत्सव, शिरोलीची भट्टी आणि ४० प्रकाशवर्षांवरची हवा

उगाच_जागा (धागाकर्ता)

जन्म गेला कोल्हापुरात, पण किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण थेट अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, धड उभं राहून पाहिला तो यंदाच. महाद्वार रोडच्या टोकाला सूर्य उतरत होता आणि आत गर्दी अगदी गप्प. किरण उंबरा ओलांडून सरकत सरकत देवीच्या कमरेपर्यंत आले, आणि तिथंच फिके होऊन विरले. चेहऱ्यापर्यंत काही पोचले नाहीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मधी बिल्डिंगा आल्या न्हवं." मागून एक आजोबा म्हणाले, "बिल्डिंगा कशाच्या, आज हवाच तसली हाय. धुरळा आणि दमटपणा." उजेड मोजायचं लक्स मीटर घेऊन उभ्या असलेल्या पोरानं आजोबांच्या बाजूनं मान हलवली.

घरी येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. सूर्य तोच, देवी तीच, मधल्या हवेनं उजेडाचं काय केलं यावर वाद. बाह्यग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या हवेचा अभ्यास अगदी असाच चालतो. ग्रह आपल्या ताऱ्यापुढून जातो, त्याला अधिक्रमण म्हणतात. त्या वेळी ताऱ्याचा थोडासा उजेड ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो. त्या हवेत जो वायू असेल तो आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा उजेड खातो. वर्णपटात, म्हणजे उजेड तरंगलांबीनुसार फाकवून काढलेल्या पट्ट्यात, तेवढ्या जागी ग्रह किंचित मोठा दिसतो, कारण तिथं त्याची हवाही अपारदर्शक झालेली असते. आजोबा जे नुसत्या नजरेनं करत होते ते इथं अवकाशातली वेब दुर्बीण करते.

आता आकडे बघा. सूर्य पृथ्वीच्या १०९ पट रुंद. लांबून कुणी पाहिलं तर पृथ्वी सूर्यापुढून जाताना उजेड घटणार ०.००८४ टक्के. आणि त्यात हवेचा वाटा? साधारण दहा लाखांत एक. एवढं मोजणं आज कुणालाच जमत नाही. म्हणून सगळ्यांनी मोर्चा वळवला लहान ताऱ्यांकडे. कुंभ राशीत ट्रॅपिस्ट-१ नावाचा लाल बटू तारा आहे, ४० प्रकाशवर्षांवर, गुरूपेक्षा जेमतेम मोठा. त्याच्यापुढून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर तोच परिणाम सत्तरेक पट मोठा दिसतो. आणि त्याला ग्रह किती? सात! सगळे खडकाळ, साधारण पृथ्वीच्या मापाचे. २०१७ च्या फेब्रुवारीत ही सातांची बातमी आली तेव्हा मी ऑफिसात काम सोडून तीच वाचत बसलो होतो. त्यातले ई, एफ आणि जी हे तिघं राहण्याजोग्या पट्ट्यात येतात. राहण्याजोगा म्हणजे बंगला बांधण्याजोगा नव्हे. हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल, एवढाच अर्थ. वाक्यातला 'हवा असेल तर' हाच तर सगळा घोळ आहे, आणि त्यासाठीच हा धागा.

चहा_कमी_साखर

४० प्रकाशवर्षांवरची हवा कळते आणि दसरा चौकातली कळत नाही. चालू द्या.

शिरोलीकर

भावा, लय भारी लिवलंयस. पण मला हे नवीन न्हाई. मी फौंड्रीत हाय, शिरोलीला. आमच्याकडं हीट, म्हणजे भट्टीतला रसाचा एक घाणा, तयार झाली की ओतायच्या आधी पळीभर रस काढून चकती पाडतात. चकती घासून चकचकीत करायची, स्पेक्ट्रोवर, म्हणजे वर्णपट बघायच्या मशीनवर, ठेवायची, स्पार्क मारायचा. ठिणगीच्या उजेडात कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, सगळं अर्ध्या मिनिटात पडद्यावर. माल चाखून बघायला लागत न्हाई. तुमचं पण तसंच म्हणायचं काय? का काय फरक हाय?

उगाच_जागा

तुमची मशीन आणि वेब दुर्बीण सख्खी भावंडं. फरक एवढाच की तुमच्याकडे धातूची वाफ स्वतः उजळते, तिच्या चमकत्या रेषा मोजतात. इथं वायू उजेड खातो, म्हणून रेषांच्या जागी खड्डे दिसतात. कार्बन डायऑक्साइडचा मोठा खड्डा ४.३ मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मिथेनचा ३.३ ला. दोन्ही अवरक्तात, म्हणजे डोळ्याला न दिसणारे.

म्हणूनच दुर्बीण वर पाठवावी लागते. जमिनीवरून बघायला गेलं तर आपल्याच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधी आडवे येतात. दुसऱ्याच्या घरातला धूर बघायचा आणि आपल्याच चुलीवर फुंकणी मारत बसायचं, असला प्रकार. वेब २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. आपल्यापासून १५ लाख किलोमीटरवर, साडेसहा मीटरचा आरसा, १८ षटकोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा मुलामा. पाच पदरी छत्रीच्या सावलीत ती उणे २३० अंशांच्या आसपास गार राहते, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेनं आंधळी होईल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वास्प-३९बी या तापलेल्या वायुगोळ्याच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा खड्डा इतका स्वच्छ दिसला की त्यावर वाद घालायला कुणाला जागाच उरली नाही. पण तो शनीच्या वजनाचा, फुगलेला. खडकाळ ग्रहाची हवा म्हणजे संत्र्याच्या सालीवरचा कागद.

देवगडचा_बापू

वर्णपटाचो विषय निघालो आणि आमच्या विजयदुर्गाचो उल्लेख नाय? १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, लॉकियर साहेबान विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून हेलियम शोधलो. 'साहेबाचे ओटे' अजून आसत थंय. दरवर्षी १८ ऑगस्टाक कार्यक्रम होता. कोल्हापुरातसून गगनबावड्यान उतरलास की चार तासांत पोचतास, बघून येवा.

निवृत्त_मास्तर

बापू, ओटे जरूर पाहावेत, मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो आहे. पण तारखांचा गुंता सोडवू या. १८ ऑगस्ट १८६८ ला ग्रहण भारतातून दिसलं, बरोबर. त्या दिवशी गुंटूरहून फ्रान्सच्या जान्सेन यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तीच पिवळी रेषा तिथूनच पाहिली. सुरुवातीला ती सोडियमची वाटली होती, पण सोडियमच्या दोन रेषांच्या शेजारी जरा सरकून होती, म्हणून डी-३. लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमझींनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच हेलियम मिळवला होता. ओटे त्या दुसऱ्या मोहिमेचे, हे जास्त पटतं.

माझा मुद्दा मात्र बापूंच्याच बाजूचा आहे. जो पदार्थ पृथ्वीवर कुणी हातात धरला नव्हता तो आधी उजेडात सापडला आणि २७ वर्षांनी बाटलीत आला. सरकलेल्या एका रेषेवर विश्वास ठेवायला हिंमत लागते.

देवगडचा_बापू

मास्तरांनू, आता ह्या गावात सांगूचा कसा? असो. १८९८ पण काय कमी जुना नाय.

उगाच_जागा

बापू, तुमच्या हेलियमचा पुढचा मुक्काम सांगतो. २०१८ मध्ये हबल दुर्बिणीनं वास्प-१०७बी या ग्रहाच्या हवेत हेलियम पकडला, बाह्यग्रहावरचा पहिलाच. ताऱ्याच्या उष्णतेनं त्या ग्रहाची हवा उडून चालली आहे आणि हेलियम तिच्याबरोबर निघालाय.

तिकटीवरची_खिडकी

मी फक्त वाचत होते, पण एक विचारते. पेपरात आलं होतं की कुठल्या तरी ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या, शास्त्रज्ञ आपलेच. नंतर सगळं सामसूम. काय झालं त्याचं?

निवृत्त_मास्तर

के२-१८बी. सिंह राशीत, सुमारे १२४ प्रकाशवर्षांवर. वजन पृथ्वीच्या साडेआठ पट, रुंदी २.६ पट, तिथलं वर्ष ३३ दिवसांचं. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन, वाराणसीच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. त्यांचं म्हणणं असं की हा ग्रह हायड्रोजनची जाड हवा आणि खाली समुद्र अशा प्रकारचा असू शकतो. २०२३ मध्ये वेबला तिथं मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. हे पक्कं. त्याच वेळी डायमिथिल सल्फाइडचा पुसटसा भास झाला. आपल्याकडे हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म वनस्पतिजीव तयार करतात, म्हणून खळबळ. एप्रिल २०२५ मध्ये वेगळ्या उपकरणानं पुन्हा पाहिलं आणि तीन सिग्माचा दावा आला. म्हणजे निव्वळ योगायोगानं असं दिसण्याची शक्यता हजारात तीन. ऐकायला भक्कम वाटतं, पण या धंद्यात शोध म्हणवून घ्यायला पाच सिग्मा लागतात. मग इतर गटांनी तीच निरीक्षणं स्वतःच्या पद्धतीनं तपासली आणि कित्येकांना तो वायू दिसलाच नाही. शिवाय २०२४ मध्ये ६७पी धूमकेतूवर, जिथं समुद्र नाही की शेवाळ नाही, हाच वायू सापडला होता.

याच ग्रहाचा आधीचा किस्सा विसरू नये. २०१९ मध्ये हबलच्या निरीक्षणांवरून इथं पाण्याची वाफ सापडल्याच्या बातम्या होत्या. वेबनं पाहिल्यावर कळलं, ती खूण मिथेनची होती. त्या तरंगलांबीच्या पट्ट्यात दोघांचे खड्डे एकमेकांवर चढतात आणि हबलची नजर तेवढ्या टापूपुरतीच.

पेपरवाल्यांना दोष देत नाही. 'खूण असू शकते, नसूही शकते' हा मथळा कुणी छापणार?

गुळाची_ढेप

आमच्या गावाकडं उदाहरण सोपं आहे. रस्त्यानं जाताना गोड वास आला की पोरं ओरडतात, गुऱ्हाळ सुरू झालं! पण तो वास साखर कारखान्याचाही असतो. गुऱ्हाळच म्हणायचं तर अजून खुणा पाहिजेत. चिमण्यांतून धूर, वाळत टाकलेली चिपाडं, काहिलीवर मळी काढत बसलेला माणूस. एका वासावर गुळव्या ठरवता येत नाही.

उगाच_जागा

ढेपराव, हे मी चोरणार. खरंच तसंच आहे, एका वायूवर कुणी जात नाही, जोडी बघतात. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र असतील तर ते एकमेकांना संपवतात. तरी दोघं टिकून असतील तर कुणीतरी दोघांचा सतत पुरवठा करतंय. १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि मंडळींनी पृथ्वीच अनोळखी ग्रह समजून तपासली. भरपूर ऑक्सिजन, सोबत मिथेन, वर रेडिओचा ठरावीक गलका. पृथ्वी पास झाली.

शिरोलीकर

माझा एक प्रश्न राहिलाय. आम्ही सकाळी मशीन चालू केली की पहिल्यांदा स्टँडर्ड मारतो. म्हणजे ज्याचा हिशेब आधीच ठाऊक हाय अशी चकती. तिचा आकडा बरोबर आला तर पुढं. एकदा आमच्या एका पोरानं कंटाळा करून स्टँडर्ड न मारताच रिपोर्ट दिला. सिलिकॉन कमी दाखवलं म्हणून भट्टीत वरून टाकलं, आणि पूर्ण हीट वाया. दिवसभर शिव्या खाल्ल्यात आम्ही. तर तुमच्या दुर्बिणीचं स्टँडर्ड कुठलं? तिकडं चकती कोण ठेवणार?

उगाच_जागा

शिरोलीकर, संपूर्ण क्षेत्र सध्या याच प्रश्नापाशी अडकलंय. तुम्ही चुकून फौंड्रीत गेलात.

स्टँडर्ड म्हणजे खुद्द तारा. ग्रह पुढं येण्याआधीचा वर्णपट घ्यायचा, पुढं आल्यावरचा घ्यायचा, वजाबाकी केली की हवा उरते. पण हे खरं कधी? तारा सगळीकडे सारखा असेल तेव्हा. ट्रॅपिस्ट-१ तसा नाही. त्याच्या अंगावर डाग आहेत, थंड आणि गरम. मधूनच भडके उडतात. आणि तो मुळातच इतका थंड की त्याच्या स्वतःच्या वातावरणात पाण्याची वाफ आहे! म्हणजे ताऱ्यातच वाफ, आणि आपण ग्रहावर वाफ शोधतोय. ग्रह डागावरून गेला नाही, बाजूनं गेला, तरी वजाबाकी चुकते आणि नसलेले खड्डे उगवतात. तुमच्या भाषेत, स्टँडर्डची चकतीच रोज वेगळी.

ई ग्रहाच्या चार अधिक्रमणांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये आले. हायड्रोजनची जाड गोधडी नाही, एवढं नक्की. त्यापुढे नायट्रोजनची हवा बसते आणि नुसता उघडा खडकही बसतो. चारही वेळी ताऱ्याचे डाग वेगळे.

आता ऐका युक्ती. आतला बी ग्रह दीड दिवसात एक फेरी मारतो. वेबनं २०२३ मध्ये त्याच्या दिवसाच्या बाजूचं तापमान मोजलं, सुमारे २३० सेल्सिअस. हवा असती तर उष्णता रात्रीच्या बाजूला वाटली गेली असती, दिवस एवढा तापला नसता. म्हणजे बी बहुधा बोडका. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं, जेव्हा बी आणि ई दोघं थोड्या थोड्या वेळानं ताऱ्यापुढून जातात तेव्हाच बघायचं. बीला हवा नाही, तर त्याच्या वर्णपटात जे काही खड्डे दिसतील ते सगळे ताऱ्याच्या डागांचे. तेवढे ईच्या वर्णपटातून वजा करायचे. अशी आणखी पंधरा अधिक्रमणं पाहायचं ठरलं. बी म्हणजे तुमची चकती. निसर्गानंच नेऊन ठेवलेली, त्याच भट्टीपुढं.

शिरोलीकर

आयला. नाद खुळा.

चहा_कमी_साखर

आणि या सगळ्याचा खर्च?

निवृत्त_मास्तर

वेबचा सुमारे दहा अब्ज डॉलर, सगळा मिळून, पंचवीसेक वर्षांत. वेबचा बराच वेळ दीर्घिका वगैरे पाहण्यातही जातो. पुढचा प्रश्न आपल्या रस्त्यांच्या खर्चाचा असणार, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

अवांतर: जयंत नारळीकर कोल्हापूरचे, जन्म १९ जुलै १९३८. त्यांना हवेतले जीव शोधण्याची वेगळीच ओढ होती. इस्रोच्या मदतीनं हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. त्यात तीन नवे जीवाणू मिळाल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. ते खालून वर गेले की वरून खाली आले, हा वाद वेगळा. ट्रॅपिस्ट-१ च्या २०१६ च्या पहिल्या शोधनिबंधातही आपला हात आहे, लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून त्या ताऱ्याची निरीक्षणं घेतली गेली होती.

नववीची_आई

लेकीला वाचून दाखवलं. ती विचारते, आपल्या गच्चीवरून यातलं काही दिसेल का?

उगाच_जागा

हवा नाही दिसणार, पण ग्रह ताऱ्यापुढून गेल्याची घट पकडता येते. ६५ प्रकाशवर्षांवरचा एचडी १८९७३३बी हा मोठा ग्रह २.२ दिवसांनी एक फेरी मारतो आणि ताऱ्याचा उजेड २.४ टक्क्यांनी घटवतो. जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाला चिकटून. साध्या दुर्बिणीला कॅमेरा लावून हौशी लोक ही घट मोजतात.

मी स्वतः केलेला प्रताप सांगतो. मागच्या ऑक्टोबरात आठ इंची दुर्बीण घेऊन पन्हाळ्यावर गेलो. दर मिनिटाला एक फोटो, तीन तास. घरी येऊन आलेख काढला, आणि अगदी ठरलेल्या वेळी उजेड खाली! बायकोला झोपेतून उठवलं. तिनं आलेख पाहिला आणि विचारलं, "शेजारच्या ताऱ्याचा काढलास?" काढला. तोसुद्धा तेवढाच खाली. पहाट व्हायच्या आधीच बोटांना कळायला हवं होतं, नळी ओली होती. दव पडून काचेवर बाष्प धरलं होतं. ग्रहाची घट दवाखाली गाडली गेली. त्यानंतर नळीला दवरोधक पट्टा आणि तुलनेला एक नव्हे चार तारे, असा नियम आहे.

शिरोलीकर

म्हणजे तुम्ही पण स्टँडर्ड मारलं न्हवतं.

उगाच_जागा

नव्हतं मारलं. वहिनींना सांगू नका, आधीच माहीत आहे त्यांना.

नववीची_आई

लेकीचा दुसरा प्रश्न. बीला हवा नाही हे धरूनच पुढचं सगळं चाललंय ना? मग बीचं स्टँडर्ड कोणी मारलं?

निवृत्त_मास्तर

शाबास! हा प्रश्न खऱ्या शास्त्रज्ञांनाही पडला. पहिलं मोजमाप १५ मायक्रॉनच्या एकाच पट्ट्यात होतं. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा पट्टा जोडला, १२.८ चा, आणि पंचाईत झाली. उघडा ताजा ज्वालामुखी खडक त्यात बसत होता, पण धुरकट थराची कार्बन डायऑक्साइडची हवाही बसत होती. मग बी आणि सी हे दोन्ही ग्रह पूर्ण फेरीभर पाहिले. रात्रीची बाजू समोर येते तेव्हा किती ऊब उरते ते मोजायला. बीच्या रात्रीच्या बाजूकडून काहीच ऊब आली नाही. जाड हवा असती तर थोडी तरी पोचली असती. पातळसा थर असण्याची शंका उरतेच, पण चकती म्हणून वापरायला बी पुरेसा बरा आहे.

शिरोलीकर

पोरीला दहावीनंतर आमच्याकडं लॅबला पाठवा. आणि उगाच_जागा, पन्हाळ्याला पुढच्या वेळी मला सांगा. चार चकत्या घेऊन येतो, नाही, चार स्वेटर.

उगाच_जागा

या अमावास्येच्या अलीकडच्या शनिवारी जातोय. रात्री आठला वाघबीळ. दव पुसायला सुती फडकं आणा, टॉवेल नको, काचेवर ओरखडे पडतात.